गाण्यांच्या कोड्यावर कुमुदबाईंचं नाव

कुमुद ढोले यांच्यावर अन्याय झाला आहे. गेल्या रविवारी, सकाळच्या अंकात, आमच्या वर्ध्याच्या दैनिकाच्या सहाव्या पानावर, उजव्या कोपऱ्यात. या भुलाबाईसाठी त्यांनी रचलेलं गाण्यांचं शब्दकोडं तिथे छापलं गेलं, काना-मात्रा न बदलता. वर, जिथे त्यांचं नाव यायचं ठरलं होतं, तिथे छापलं होतं ‘वाचकांसाठी विरंगुळा’.

बाई, तुम्हांला जाऊन तेव्हा चौथा दिवस होता. त्याच अंकात दुसऱ्या पानावर तुमच्या निधनाच्या तीन ओळी होत्या. निवृत्त संगीत शिक्षिका, शाळेचं नाव, कुठल्या मोक्षधामात नेलं ते. कोड्याबद्दल अक्षर नाही. इतकी वर्षं ज्या पेपरात तुम्ही दर रविवारी होतात, त्या पेपराला तुम्ही गेल्याचं कळलं, पण तुम्ही कोण होतात ते कळलं नाही. मी तो अंक नालवाडीला आमच्या घरी आईपुढे धरला. आईनं आधी कोडं वाचलं, मग बातमी वाचली, मग चष्मा काढला आणि म्हणाली, “पेन दे.”

“सोडवतेस?”

“नाई. संपादकाले पत्र लिहितो.”

आईनं आजवर कोणाला पत्र लिहिलेलं मला आठवत नाही.

तर हे रडगाणं नाही, बाई. रडून झालं गुरुवारीच, भरपूर, तुमच्या पिपरी मेघेच्या ओट्यावर बसून. आता सांगायचंय ते वेगळं आहे आणि सांगताना माझा हात थांबत नाहीये, कारण या आठवड्यात इथे जे सुरू झालंय ते तुम्ही बघायला हवं होतं. पण क्रमानं सांगते. मधूनच उडी मारलेली तुम्हांला खपत नाही.

सातवीत तुम्ही मला समूहगानातून काढलंत. “वैशाली, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नको.” वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी संगीताच्या खोलीच्या दारात मांडी घालून बसले. माझं पहिलं धरणं ते. तुम्ही पेटीचा भाता मिटला आणि बाहेर आलात.

“काऊन बसली?”

“मले गायचं आहे.”

“कोणाले?”

“म्हणजे?”

“गायचं आहे ते कोणाले ऐकवायचं आहे?”

 पंधरा ऑगस्टच्या पाहुण्यांना, असं सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात. “इचार करून सांगजो,” तुम्ही म्हणालात, “तोवर टाळ वाजव.” एरवी शुद्ध बोला म्हणून आमच्या मागे लागणाऱ्या तुम्ही, राग आला की नाहीतर माया आली की थेट घरच्या बोलीवर यायचात. त्या दिवशी दोन्हींतलं कोणतं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी बेसूरच राहिले आणि कार्यकर्ती झाले. नालवाडीच्या नळाचं आंदोलन सुरू होतं. एसटी स्टँडसमोर टेबल टाकून मी पत्रकं वाटत होते आणि लोक ती घेऊन, चार पावलं जाऊन, त्यात भजी गुंडाळत होते. तुम्ही हिंगणघाटच्या बसमधून उतरलात, पत्रक घेतलंत, तिथेच उभ्या उभ्या वाचलंत.

“हे कोणाले लिहिलं?”

“प्रशासनाला.”

“प्रशासन कोण आहे? त्याले कान आहेत काय?”

“बाई, ही पद्धत असते. ‘प्रशासनाने तातडीने दखल घ्यावी.’”

“भिंतीले सांगून राह्यली तू.” पर्समधून लाल पेन निघालं. पेपर तपासायचं पेन, निवृत्त झाल्यावरही सुटलं नव्हतं. तुम्ही पहिली ओळ खोडून वर लिहिलंत : ‘पाणीपुरवठ्याचे साहेब, तुमच्या घरी नळ किती वाजता येतो?’

नवं पत्रक छापून आणलं. त्यात कोणी भजी गुंडाळली नाहीत. लोक ते वाचून एकमेकांना विचारत होते, हो यार, साहेबाकडे किती वाजता येतो? पाणी आलं ते मोर्चानं, पत्रकानं नाही, हे मी तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगते. तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. “मोर्चाले माणसं कशानं आली?” एवढं विचारून चहा ओतायला लागायचात, म्हणजे वाद संपला. माझ्याकडून संपला नव्हता. तो वाद इथे उघडाच ठेवते.

त्यानंतर शनिवारची दुपार माझी तुमच्याकडे जायला लागली. तुमची कोडी मी सोडवत होते लहानपणापासून. ती तुमची आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि मी उडालेच. पेपरवाले ज्याला शोधसूत्र म्हणतात त्याला तुम्ही ‘वास’ म्हणायचात. कारण तुमचं सगळं शास्त्र भुलाबाईतून आलेलं. आपल्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली संध्याकाळी घरोघरी मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणतात, आणि गाणी झाली की घरची बाई ताटाखाली झाकलेला खाऊ आणते. ओळखला तरच उघडायचा. गोड की तिखट, भाजलेला की तळलेला, वाटीतला की हातातला. यजमानीण खोटं बोलू शकत नाही आणि खरं सांगूनही टाकू शकत नाही. “कोडं म्हणजे तेच,” तुम्ही म्हणायचात. “वास द्यायचा. झाकण उघडायचं नाही.”

आणि नियम असा, की गाण्याचा शब्द कोड्यात घालायचा तर ते गाणं कोणीतरी कोणालातरी म्हणताना स्वतः ऐकलेलं पाहिजे. पुस्तकातून उचललेलं चालणार नाही. वास लिहायचा तोही गाण्याचा नाही, ज्याला म्हणतात त्याचा. एका दोन अक्षरी शब्दासाठी तुम्ही मला हिंगणघाटला नेलंत, वेणेच्या काठच्या वस्तीत तुमच्या नणंदेकडे. तिच्याकडे अजून जातं होतं. ती आपल्याला बघून काही गाईना. चहा झाला, पोहे झाले. सून बाजारात गेली तसं तिनं दार लोटलं, मूठभर ज्वारी घातली आणि सुरू झाली. सगळी गाऱ्हाणी सासूची, आणि ती सासू जाऊन जमाना झालेला. परतीच्या बसमध्ये तुम्ही तिकिटाच्या मागे लिहिलंत : ‘ऐकायला दगड, म्हणून सासूचं नाव घेता येतं.’ ओवी. मी खिडकीकडे तोंड करून हसत होते आणि तुम्ही कोपरानं ढोसून विचारत होतात, “जमलं ना? सांग ना, जमलं ना?” तुम्हांला कौतुक लागायचं, बाई. उगाच साध्यासुध्या बाई होत्या वगैरे मी लिहिणार नाही. स्वतःच्या कोड्यावर तुम्ही भाळलेल्या असायचात, आणि ते पाहायला मजा यायची.

नवा वास तुम्ही आधी माझ्या आईवर लावून बघायचात. “तुझी आई चिडली की समजायचं बरोबर बसला.” आई चिडायची. ‘देवाला उठवायला म्हणतात, पण जागं होतं शेजारचं घर.’ भूपाळी. ‘ऐकणारा झोपला की गाणारी जिंकली.’ अंगाई. ‘ज्याची तक्रार त्यालाच गाऊन दाखवतात.’ गवळण. “असं कोणी विचारते काय,” आई म्हणायची, आणि मग चुलीपाशी पुटपुटत राहायची, आणि तासाभरानं ओट्यावर येऊन उत्तर फेकायची, जणू कोणी उधार ठेवलं होतं.

पाळण्यावरून आपलं भांडण झालं ते आईसमोरच. मी म्हटलं, तुमच्या कोड्यात राम येतो, कृष्ण येतो, आमचा कुठे आहे? दुसरं कोणी असतं तर ‘तसं काही नाही गं’ म्हणालं असतं. तुम्ही म्हणालात, “मी ऐकला नाई. ऐकव.” जयंतीला तुम्ही नालवाडीच्या विहारात आलात, पांढरी साडी नेसून, बायांच्या मधोमध बसलात. सजवलेला पाळणा, दोरी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, आणि आई गात होती, डोळे मिटून. तुमच्या हातात दोरी आली तेव्हा तुम्ही ती नीट धरलीत आणि आईच्या पट्टीत खाली उतरलात, तिच्यावर आवाज चढू दिला नाहीत. बाहेर आल्यावर तुम्ही पर्स उघडली नाही. घरी पोचलो. मग वास आला : ‘शंभर वर्षांपूर्वी जन्मलेल्यालाही आया अजून झोपवतात.’ तीन अक्षरं. मी ओरडलेच. राम असो, कृष्ण असो, आमचे बाबासाहेब असोत, सगळे एका ओळीत मावले होते आणि कोणी कोणाच्या मागे नव्हतं.

पण मी वाद सोडते थोडीच. मी म्हटलं, म्हणजे गेलेल्या माणसालाही गाता येतं. मग तसं एक कोड्यात घाला. गेलेल्यासाठी म्हणतात ते.

“नाई घालत.”

“काऊन?”

“गेलेल्याले ऐकू येत नाई. ते आपल्यासाठी गाणं झालं. त्याले गाणं नाई म्हणत, त्याले रडणं म्हणतात.”

“आणि पाळणा?”

“पाळण्यातलं लेकरू मेलेलं नसते वैशाली. ते दरवर्षी आजच जन्मलेलं असते.”

हे चांगलं होतं. इतकं चांगलं होतं, की मी चिडून निघून गेले. उत्तर आता मिळालंय. थांबा, येते तिथे.

आधी नावाचं. तुम्हांला नाव हवं होतं. दर दिवाळीला तुम्ही पेपरच्या कचेरीत जायचात आणि दर दिवाळीला संपादक हसून म्हणायचे, “ताई, कोड्याला कुठे नाव असतं?” यात मी तुमच्या बाजूनं नव्हते. मी म्हणायचे, नाव कशाला हवं, आम्ही पत्रकाखाली समितीचं नाव टाकतो, काम महत्त्वाचं. तुम्ही पेटीचं झाकण आपटलंत.

“समिती गात नाई. बाई गाते. ओवीले नाव नाई, पाळण्याले नाव नाई, भुलाबाईच्या गाण्याले नाव नाई. एवढ्या बाया गाऊन गेल्या, कोण्याचं नाव माहीत आहे तुले? मी निदान कोडं रचून राह्यली. त्याच्यावर तरी असू द्या की एका बाईचं.”

मग तीन वर्षांपूर्वीची ती गंमत झाली. कचेरीत नवीन उपसंपादक आले होते, पुण्याचे. तुमचा वास होता : ‘मातीची पाहुणी, महिनाभर रोज गाणं ऐकते, तेव्हा कुठे खाऊ उघडतो.’ चार चौकोन. त्यांनी विचार केला, हा तर भोंडला. भोंडल्याची अक्षरं तीन. म्हणजे बाईंचं चुकलं. आणि त्यांनी, तुमच्यावर उपकार म्हणून, चौथा चौकोन काळा केला.

रविवारी सकाळी जिल्हाभर गोंधळ. भुलाबाई मावेना. आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले मोहनभाऊ पेपर घेऊन रस्त्यात उभे. “अवो ताई, भुलाबाईची ई कुठी ठेवू? दुकानाबाहेर ठेवू काय?” त्यांची आई तांदळाच्या पोत्यावर बसून असते, ती म्हणाली, “भुलाबाईले घरात जागा नाई दिली त्यायनं, पाप लागन.” त्या आठवड्यात कचेरीत जी सोडवलेली कोडी आली, त्यांत लोकांनी काळा चौकोन ब्लेडनं खरवडून त्यात ई लिहिली होती. कोणी वर पांढरा रंग फासून लिहिली होती. भोंडला लिहून पाठवणारं एकही माणूस निघालं नाही. तुम्ही तो गठ्ठा संपादकांच्या टेबलावर ठेवलात. मी बाजूलाच होते, म्हणून शब्द न् शब्द सांगू शकते.

“ताई, पुण्याकडे भोंडलाच म्हणतात,” ते म्हणाले.

“मंग पेपर पुण्याले टाका.”

ते हसले, मग हसायचे थांबले, आणि म्हणाले, “बरं. पुढचं भुलाबाईचं कोडं तुमच्या नावानं.” उपसंपादकांनी मान हलवली. मी ऐकलं. तुम्ही बाहेर येऊन जिन्यातच मला सांगितलंत, “बारीक टायपात नको म्हणा. वाचायले चष्मा लागला नाई पाहिजे.”

दुसरं कोणी असतं तर पुढच्याच भादव्यात घाईघाईनं कोडं दिलं असतं. तुम्ही दोन वर्षं दिलं नाहीत. “नावाजोगं झालं पाहिजे,” म्हणालात, आणि सगळं कोडंच गाण्यांचं करायला घेतलंत. आडवं गाणं, उभं गाणं, आणि प्रत्येक गाणं ज्याला म्हणतात तो वेगळा. यंदा पूर्ण झालं. तुम्ही स्वतः नेऊन दिलंत, रिक्षातून उतरताना मला म्हणालात, “पाहजो आता.” आणि त्या गुरुवारी सकाळी, आंघोळीला पाणी तापत ठेवलेलं असताना, तुमचं हृदय थांबलं. शेजारच्यांनी गॅस बंद केला.

सोमवारी मी कचेरीत गेले. संपादक वाईट नाहीत, त्यांनी पाणी दिलं, तुमच्याबद्दल दोन शब्द बोलले. मग म्हणाले, “वैशालीताई, माणूस गेल्यावर कोड्यावर नाव टाकलं की लोकांना कसंसंच होतं. सकाळी चहाबरोबर सोडवायची गोष्ट आहे ती.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“त्या असत्या तर टाकलं असतं.”

“त्या गेल्या तरी कोडं तर टाकलंतच ना.”

त्यांनी खण उघडून दाखवला. तुम्ही आगाऊ करून ठेवलेली कोडी, नीट बांधलेली. मनाचा मोठेपणा दाखवत म्हणाले, “बघा, बाईंचं काम आम्ही वाया जाऊ देणार नाही. पुढचे कित्येक महिने छापू.” म्हणजे बाई, तुम्ही दर रविवारी येणार, आणि दर रविवारी बिननावाच्या येणार. एकदा झालेला अन्याय मी एखाद्या वेळी गिळला असता. हा तर आठवड्याचा रतीब लावला त्यांनी.

मी जिना उतरून थेट नालवाडीला मोहनभाऊंच्या दुकानात आले आणि सांगितलं. भाऊ तेव्हा तुमच्याच कोड्यावर अडले होते. ‘एक सुरू करतो, सगळे म्हणतात, शब्द कोणालाच पाठ नाहीत.’ त्यांना आरती आली होती, पण त्यांचा अपमान झाला होता. “कोणालेच पाठ नाई म्हणजे? मले पाठ आहे.” आणि गिऱ्हाइकांसमोर, हातात तागडी, सुरू. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच ते गाडी घसरल्यासारखे तिसऱ्यात गेले. त्यांची आई पोत्यावरून म्हणाली, “बाईनं बराबर वळखलं तुले.” सगळं दुकान हसलं, भाऊही हसले, आणि मग कोणीतरी विचारलं, बाई म्हणजे कोण? हे कोडं बाई करते? कोण बाई?

बाई, हे ऐका. ती माणसं वर्षानुवर्षं तुम्हांला सोडवत होती आणि त्यांना वाटत होतं कोडं मशीन करतं.

मोहनभाऊंनी पेन कानामागून काढलं आणि गल्ल्यात टाकलं. “नाव येत नाई तोवर आपलं पेन बंद.” एवढंच झालं. मी पत्रक काढलं नाही, सभा घेतली नाही. मंगळवारी तुमच्या जुन्या विद्यार्थिनी दुकानावर यायला लागल्या. त्यांतली एक आता तहसीलमध्ये आहे. तिनं सांगितलं, तिच्या खात्यात दुपारच्या डब्याला सगळे मिळून कोडं सोडवतात, ते कोरंच भिंतीला लावलंय. बुधवारी मी दुकानातच असताना, कोणाकडून तरी नंबर मिळवून, हिंगणघाटहून दुकानाच्या फोनवर फोन. जिनिंगमधले एक दिवाणजी. कापसाच्या गाड्यांची वाट बघताना कोडं सोडवायची त्यांची सवय. “मॅडम, वो सासूवाला कोडा किसने बनाया था? आमच्या इथं त्याच्यावरून दोन बायांचं भांडण मिटलं. उनका नाम बताइए.” मी नाव सांगितलं. तिकडून आवाज आला, मोठ्यानं, आजूबाजूच्यांना सांगण्यासाठी : “कुमुद ढोले! लिख लो भई!”

मी फोन ठेवला. आंदोलनात असं होतं कधी कधी, तुम्हांला माहीत नाही, किंवा माहीत असेल. आपण ढकलत असतो, ढकलत असतो, आणि अचानक कळतं, गाडी आपल्याआधीच चालू लागली आहे.

आणि कालची संध्याकाळ. तुमची खोली आवरायला मी पिपरी मेघेला गेले होते. तुमच्या गल्लीतल्या मुली आल्या, टिपऱ्या घेऊन, नेहमीप्रमाणे घर घर करत. आवरून मी तुमच्या दाराला नुकतंच कुलूप लावलं होतं. मला वाटलं, पुढे जातील. त्या ओट्यावर गोल बसल्या आणि बंद दारासमोर सुरू झाल्या, एकामागून एक, एकही गाणं न गाळता. समोरच्या काकूंनी घाईघाईनं ताट झाकून आणलं. मुलींनी ओळखलं, भाजलेले दाणे आणि गूळ. मी त्यांतल्या मोठीला विचारलं, “हे कोणाले गायलं तुम्ही?”

“बाईले.”

“बाई तर गेल्या. त्यायले ऐकू येत नाई.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही सातवीत पाहिलं होतं. “मंग भुलाबाईले कुठी ऐकू येते?”

आता बोला, बाई. महिनाभर मातीला गाणाऱ्या मुलींच्या देशात तुम्ही मला शिकवत होतात, की ऐकू न येणाऱ्याला गाता येत नाही. तुम्ही हरलात. पहिल्यांदा हरलात, आणि मला चहा ओतून वाद बंद करायला तुम्ही समोर नाही. मी त्यांच्याबरोबर शेवटचं गाणं म्हटलं. बेसूर. ओठ हलवून नाही, आवाज काढून. कोणी मला गप्प केलं नाही. खूप बरं वाटलं आणि मग खूप वाईट वाटलं, कारण हे सांगायला मी अर्ध्या मिनिटात तुमच्याकडे वळले होते.

एक गोष्ट जिवंतपणी सांगायची राहिली. नावाच्या वादात तुम्ही बरोबर होतात. समिती गात नाही. मी ज्या बायांसाठी नळ मागत होते त्यांची नावं माझ्या एकाही पत्रकात नाहीत. पुढच्यात असतील.

आता तुम्हांला सोडून मी वाचणाऱ्यांकडे वळते. माफ करा, पण हे तुम्हीच शिकवलंय, भिंतीशी बोलू नये.

तर तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या घरी तो पेपर येतो. येत्या रविवारी सहाव्या पानावर कुमुद ढोले यांचं पुढचं कोडं येईल, बिननावाचं. ते सोडवू नका. उत्तरं येत असली तरी सोडवू नका. सगळे चौकोन कोरे ठेवा, आणि वरच्या ‘विरंगुळा’वर तुमच्या हातानं, मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव लिहा. मग तो तुकडा कापा आणि सोमवारी सकाळी अकराला कचेरीच्या जिन्यात स्वतः घेऊन या. टपालानं पाठवू नका, टपाल खणात जातं. तुमची आई, आजी, शेजारीण गात असेल तर तिलाही आणा, आणि वर जाताना तिचं नाव विचारून घ्या.

कात्री कुठे आहे ते आजच बघून ठेवा.